तांबडी, तुरट, दणकट: या वाईनसोबत गोव्याच्या ताटातलं काय जमेल?

फोंड्याची_सून | शुक्रवार, रात्री ९.५२

मंडळी, आठ दिवसांवर दीप अमावस्या आलीय. एकदा श्रावण लागला की आमच्या घरी महिनाभर कांदा-लसूणसुद्धा बंद. तेव्हा जे काय करायचं ते या रविवारीच.

शेजारच्या आंटींचा मुलगा लिस्बनला असतो. या खेपेला त्याने आम्हाला रेड वाईनची बाटली आणून दिली. लेबल सासऱ्यांनी वाचून दाखवलं (त्यांची सुरुवातीची शाळा पोर्तुगीजमधली, 'प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव'वाली). प्रदेश आलेंतेजु. द्राक्ष मुख्यतः आलिकांत बुशे, जोडीला आरागोनेझ. अल्कोहोल १४.५ टक्के. बारा महिने ओकच्या पिंपात, काही पिंपं फ्रेंच ओकची, काही अमेरिकन.

आता कबुलीजबाब. अशीच एक बाटली त्याने गेल्या नाताळात दिली होती, ती मी वाया घालवली. फ्रिजच्या डोक्यावर उभी ठेवली, मे महिन्यात उघडली आणि सोबत केले बांगड्याचे रेशाद (लाल, आंबट-तिखट मसाला भरून). पहिल्याच घोटाला लोखंडी तवा चाटल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, "हिरड्याचा काढा आहे का गं हा?" बाटलीभर वाईन शेवटी मोरीत गेली आणि आंटींना मी "खूप छान होती" असं सांगितलं.

तर प्रश्न दोन. तेव्हा दोष कुणाचा होता, बाटलीचा, माझा की बांगड्याचा? आणि रविवारी ताटात काय ठेवू? सासूबाई पिणार नाहीत पण मत देतील. नणंद शाकाहारी आहे आणि वाईन घेते. तिचे यजमान सगळं खातात.

मी मूळची पुण्याची, त्यामुळे गोव्याच्या स्वयंपाकात अजून पंधरा वर्षांचीच बालवाडी. सांभाळून घ्या.

---

सोलकढी_विनासोल | शुक्रवार, रात्री १०.१५

यात विचारायचं काय? विंदालू! नावातच वाईन आहे. पोर्तुगीज 'व्हिन्यु' म्हणजे वाईन आणि 'आल्यु' म्हणजे लसूण, 'व्हिन्य द आल्युश'. त्यांची वाईन, त्यांचाच पदार्थ, शेजारीही त्यांच्याच धर्माचा. लग्न आधीच ठरलेलं आहे, तुम्ही फक्त अक्षता टाका.

(आणि कृपा करून बटाटा घालू नका. त्या 'आलू'चा या 'आल्यु'शी संबंध नाही. म्हापशात एका पाहुण्याने मला बटाटे कुठे आहेत असं विचारलं होतं, अजून विसरलो नाही.)

---

चष्मिष्ट | शुक्रवार, रात्री १०.४०

सोलकढीराव, लग्न ठरलेलं होतं, पण नवरा बदलला. गोव्यात आल्यावर त्या मुरवणातली वाईन गेली आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर आलं. आजच्या विंदालूत वाईनचा थेंब नसतो. आणि दणकट रेड वाईनला व्हिनेगर आणि मिरची दोन्ही सोसत नाहीत.

ताई, तुमच्या नवऱ्याचा हिरडा अगदी बरोबर आहे. तो शब्द धरूनच पुढे जाऊ. इंग्रजीत या चवीभोवती भारंभार विशेषणं आहेत, पण आपल्याकडे नेमका एक शब्द आहे: तुरट. षड्रसांतला सहावा. हिरडा, सुपारी, कच्चं केळं, काजूचं बोंड. या सगळ्यांत जे टॅनिन असतं त्याच कुळातलं टॅनिन रेड वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि थोडं पिंपाच्या लाकडातून येतं. लाळेत जी प्रथिनं असतात त्यांना ते चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गालांच्या आतून कोरडं कोरडं, खरखरीत वाटायला लागतं. म्हणजे तुरटपणा ही जिभेवरची चव कमी आणि तोंडाला होणारा स्पर्श जास्त.

आता याच टॅनिनला लाळेच्या आधी दुसरी प्रथिनं मिळाली तर? मटण, चीज. शिवाय चरबीने तोंड माखलेलं असेल तर? मग ते तिकडे गुंततं आणि घोट मऊ लागतो. रेड वाईनबरोबर मांस खातात त्यामागचं मुख्य कारण हे. बाकीचं सगळं कवित्व.

मिरचीचं उलट. तिखट ज्या चेतातंतूंना झोंबतं त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं. १४.५ टक्के म्हणजे आगीत तेल. तुरटपणा वर आणखी फुंकर घालतो.

बांगड्याचं सकाळी लिहितो, ती गोष्ट मोठी आहे.

---

कुडाळची_माय | शुक्रवार, रात्री ११.०५

अगो, मटणाची सागोती कर नि गप बस! तुमच्याकडे शागुती म्हणतात, आमच्याकडे सागोती, खोबरं तेवढंच भाजायचं. सोबत वडे. वाईनीतलं मला काय कळत नाय, पण चष्मिष्ट म्हणतात तशी चरबी हवी असेल तर खांद्याचं नि नळीचं मटण आण. निव्वळ बोटी-बोटी (बिनहाडाचे तुकडे) करून आणू नको.

---

द्राक्षबाग | शनिवार, सकाळी ६.३०

राम राम. दिंडोरी तालुक्यातून लिहितोय, घरची बाग आहे, त्यातली काही वाईनरीला जाते. शिराझ आणि कॅबरने. बाटलीबद्दल थोडं सांगतो.

एक काळं द्राक्ष सोलून बघा. थॉम्पसन नव्हे, काळं. साल जांभळी, पण आतला गर पांढुरकाच निघेल. बहुतेक सगळ्या तांबड्या वाईनच्या द्राक्षांचं तसंच असतं. रंग सगळा सालीत. म्हणून रस काढताना साल आणि बिया सोबत ठेवूनच आंबवतात, त्यातून रंग आणि तुरटपणा दोन्ही उतरतात. जितकी बारीक मणी आणि जाड साल, तितका माल कडक. आमच्याकडे खायच्या द्राक्षाला फुगवण पाहिजे, वाईनच्या द्राक्षाला फुगवण नको. गावातली म्हातारी माणसं अजून माझ्या बागेतले घड बघून हळहळतात, "पाणी कमी पडलं का रे?"

तुमची आलिकांत बुशे मात्र या नियमाला अपवाद आहे. तिचा गरसुद्धा लाल असतो. फ्रान्समध्ये १८६६ च्या सुमारास बुशे नावाच्या माणसाने संकर करून काढलेली जात. मूळ हेतू फिक्या वाईनला रंग देणं हा. फ्रान्समध्ये तिचा मान राहिला नाही, पण पोर्तुगालच्या आलेंतेजुत तिचं चीज झालं. तिथे उन्हाळा कडक, जमीन कोरडी, कोरीव काम केल्यासारखी बाग. (तिथे गेलेल्या एकाने फोटो दाखवले, त्यावरून सांगतो.) तेव्हा रविवारी पांढरा टेबलक्लॉथ घालू नका, आणि जेवणानंतर लगेच ग्रुप फोटो काढू नका. सगळ्यांचे दात जांभळे.

आरागोनेझ म्हणजे स्पेनचं टेंप्रानियो, नाव बदलून सीमा ओलांडलेलं.

चव काय येईल: पिकलेल्या जांभळाची, काळ्या मनुकांची, थोडी कोको पावडरची, थोडी चामड्याची. "दणकट" म्हणजे नुसती कडक नव्हे. सार आणि दाट आमटी यात जो फरक तो. तोंडात वजन लागतं.

---

फोंड्याची_सून | शनिवार, सकाळी ८.१०

द्राक्षबागदादा, वाचनखूण साठवली. कुडाळच्या माय, तुमचं ऐकून खाटकाला निरोप गेलाय.

चष्मिष्ट, "स्पर्श जास्त" हे वाचून एकदम काजूचं बोंड आठवलं. लग्न होऊन आले त्या एप्रिलमध्ये सासऱ्यांनी बागेतलं बोंड दिलं. मी पुणेरी हुशारीने चावा घेतला आणि घसा असा धरला की पाणी पिऊनही सुटेना. मग त्यांनी दुसरं चिरलं, वर मीठ भुरभुरवलं आणि म्हणाले, "आता खा." काय फरक पडला होता! मग वाईनलाही मीठ चालेल का?

---

चष्मिष्ट | शनिवार, सकाळी ९.२५

चालेल काय, धावेल. मीठ कडवटपणा दाबतं आणि तुरटपणाही मवाळ करतं. तुमच्या सासऱ्यांनी सगळा अभ्यासक्रम एका बोंडात शिकवला होता. वाईनमध्ये घालू नका म्हणजे झालं, ताटात घाला.

आता बांगडा. "माशाबरोबर रेड वाईन नको" हे पूर्वापार सांगतात, पण का ते नीट कळलं २००९ मध्ये. जपानी संशोधकांनी वेगवेगळ्या वाईन शिंपल्यातल्या मांसाबरोबर चाखायला दिल्या, तेव्हा ज्या वाईनमध्ये लोह जास्त तिथे तो हिवस, धातूसारखा वास जास्त आला. लोह बांधून टाकलं की वासही कमी झाला. माशाच्या तेलातली मेदाम्लं आणि वाईनमधलं लोह एकत्र आले की हा घोटाळा होतो. बांगडा म्हणजे तेलाचा डबाच. त्यावर रेशादमध्ये मिरची आणि व्हिनेगर. ताई, तुम्ही एका ताटात तीन शत्रू बसवले होते.

म्हणजे दोष बांगड्याचा. पण फ्रिजचं डोकं निर्दोष आहे असं म्हणणार नाही. तिथे गरम हवा, सतत थरथर, बाटली उभी म्हणून बूच सुकणार, त्यात गोव्याचा मे महिना. अशी भाजलेली वाईन फळाऐवजी शिजवलेल्या जॅमसारखी लागते. दोन्ही आरोपी सापडले, कुणाला किती शिक्षा ते ठरवायला दुसरी बाटली लागेल. ती तुमच्याकडे आहे.

---

आजोबा_ऑनलाईन | शनिवार, सकाळी १०.००

श्रावणाच्या तोंडावर संस्थळावर हे धागे! आमच्या घरात द्राक्षाचं काही प्यायचं तर द्राक्षासव, तेही औषध म्हणून, चमचाभर.

---

सोलकढी_विनासोल | शनिवार, सकाळी १०.०४

आजोबा, द्राक्षासवात धायटीची फुलं का घालतात माहीत आहे ना? आंबवण्यासाठी. त्यातही अल्कोहोल तयार होतं. म्हणजे तुम्ही आमच्यातलेच, फक्त चमच्याने. ह.घ्या. (हलके घ्या).

---

आजोबा_ऑनलाईन | शनिवार, सकाळी ११.३०

ह.घेतलं. आता तोंड उघडलंच आहे तर सांगतो. मडगावात आमच्या घरी माळ्यावर दोन गराफांव होते, वेताच्या जाळीत बसवलेल्या मोठ्या काचेच्या बाटल्या. वडील सांगायचे, त्यातून पोर्तुगालची तांबडी वाईन यायची. १९६१ नंतर त्या बाटल्यांत फेणी भरली गेली. एक अजून आहे, हल्ली त्यात नातसून मनीप्लांट लावते.

आणि गोव्यात 'पोर्ट वाईन' म्हणून गोडमिट्ट तांबडं विकतात, ते म्हणजे ही नव्हे एवढं नवशिक्यांना सांगा. खरी पोर्ट दोरु नदीच्या खोऱ्यातली. त्या प्रदेशाची सीमा १७५६ सालीच आखून दिली होती, पोर्तुगालचा मंत्री मार्केश द पोंबालने. आंबवणं अर्ध्यावर असताना त्यात द्राक्षाची दारू ओततात, म्हणून साखर शिल्लक राहते. इकडची नावाची पोर्ट. अर्थात बाळंतिणीला आणि लग्नातल्या टोस्टला तीच चालत आलीय, मीही प्यायलोय.

---

पोदेराची_घंटा | शनिवार, दुपारी १२.४५

मटण वगैरे ठीक, पण गोव्यात राहून चोरीस-पावाचं नाव कोणी घेत नाही? डुकराचं मांस, भरपूर चरबी, मीठ, वर धुराचा वास. चष्मिष्टरावांच्या सगळ्या अटी पुऱ्या. पोय (गोव्याचा पाव) गरम, आत चोरीस आणि परतलेला कांदा. आंटींना सांगा, घरचे चोरीस आणून देतील.

---

चष्मिष्ट | शनिवार, दुपारी १.१५

तत्त्वतः हरकत नाही. पण चोरीसमध्येही व्हिनेगर आणि मिरची ठासून असते. पोर्तुगालचं मूळ चोरिसु पापरिकाचं, त्याला मिरचीचा असा ठसका नाही. इथे चरबी विरुद्ध मिरची अशी कुस्ती होईल. निकाल ताईंनी कळवावा.

---

तोंडाक_तोंडात | शनिवार, दुपारी २.३०

शाकाहारी नणंदेचा विचार कोणी करतंय का? की तिने काजू चघळत बसायचं?

आषाढ आहे, बाजारात अळमी आली असतील. वारुळावर उगवणारी ती रानअळंबी, पानात बांधून, शेकड्यावर मोजून. भाव ऐकून वाईन स्वस्त वाटेल. पण अळम्यांची शागुती म्हणजे मांसाला पर्याय नाही, मांसच तिला पर्याय. अळमी नाही मिळाली तर अळसांद्यांचं (चवळीचं) तोंडाक. भाजलेलं खोबरं, धने, मिरी, दाट रस. मी शिराझबरोबर खाल्लंय, उत्तम जमतं.

पनीर मात्र नको. पनीरला स्वतःचं मत नसतं.

---

द्राक्षबाग | शनिवार, दुपारी ४.००

तोंडाकवाल्या ताईंशी सहमत, आणि शिराझचं कारण सांगतो. शिराझला मिरीचा वास येतो तो उपमा म्हणून नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझमधला तो वासाचा रेणू शोधला, नाव रोटुंडोन, आणि काळ्या मिरीचा वासही त्याच रेणूमुळे आहे. गंमत म्हणजे पाचातल्या एखाद्याला तो वास येतच नाही. आमच्या घरात मला येतो, भावाला नाही, आणि तो मला खोटारडा म्हणतो.

तुमच्या बाटलीत शिराझ नाही, पण खोबऱ्याचा दुवा आहे. अमेरिकन ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाचं एक वासाचं द्रव्य असतं, त्याचा वास सरळ खोबऱ्याचा. फ्रेंच ओकमध्ये तो कमी. लेबलवर अमेरिकन ओक आहे म्हटल्यावर भाजलेल्या खोबऱ्याची शागुती करा असं मी डोळे मिटून सांगेन.

मसाल्यात सुक्या मिरच्या निम्म्या करा, त्याही बेडगी, रंगापुरत्या. ती जागा मिरीने भरा. मिरीचा तिखटपणा वाईनला मिरचीइतका झोंबत नाही.

गार करायला विसरू नका. रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यायची हे खरं, पण ती रूम युरोपातली. १६ ते १८ अंश. फोंड्यात जुलैत किती?

---

फोंड्याची_सून | शनिवार, संध्याकाळी ६.२०

आत्ता २८. बाहेर धो धो आणि आत घामाच्या धारा. आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून पंख्याखाली ठेवू का? आई माठाला करायची तसं?

---

चष्मिष्ट | शनिवार, संध्याकाळी ६.४५

पुण्यात एप्रिलमध्ये चाललं असतं. गोव्यात जुलैत हवेतच इतकं पाणी आहे की फडकं वाळणार नाही, आणि वाळल्याशिवाय गारवा नाही. फ्रिजमध्ये आडवी, तासभर. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी, दहा-बारा मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी हवं, ते बाटलीला चहूबाजूंनी धरतं.

उघडून अर्धा-पाऊण तास रुंद भांड्यात ओतून ठेवा. जगच चालेल, काचेचा.

---

फोंड्याची_सून | सोमवार, दुपारी ३.१०

वृत्तांत. उशीर झाला कारण काल रात्री भांडी, आणि आज सकाळी काळ्या-जांभळ्या ओठांची माझी छबी आरशात बघून हसण्यात वेळ गेला. दादांनी सांगितलं होतं, तरी नणंदेने फोटो काढलाच.

सुरुवात अपशकुनाने. बूच मध्येच तुटलं. निम्मं बाहेर, निम्मं बाटलीत. सुरीने खुपसून आत ढकललं, मग चहाच्या गाळणीवर मलमलचं फडकं टाकून सगळी वाईन जगमध्ये गाळली. गाळणी नवी होती, चहाची नव्हती, हे सासूबाईंसाठी लिहून ठेवते. जगमध्ये रंग असा दिसत होता की दिव्यासमोर धरूनही पलीकडचं दिसेना. शाईच. कडेला फक्त बारीक जांभळी रेघ.

आणि हो, वीज गेली. सव्वाआठला. मेणबत्तीत जेवलो, त्यामुळे आंटींना वाटलं आम्ही मुद्दाम वातावरणनिर्मिती केलीय. (आंटींना ऐनवेळी बोलावलं. गेल्या वर्षीचं खरंही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बाय, मला ठाऊक होतं. तुझ्या मोरीच्या पाईपला वाईनचा वास येत होता.")

तर ताट. केळीच्या पानावर सगळं थोडं थोडं मांडलं: मटणाची शागुती, अळम्यांची शागुती (मिळाली! किंमत नवऱ्याला सांगितलेली नाही), अळसांद्यांचं तोंडाक, आंटींचे चोरीस पोयीत, त्यांचंच विंदालू एका वाटीत, मिठाचे काजू, चीजचे तुकडे. आणि खटल्याच्या निकालासाठी भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा. ताजा कुठून आणणार, ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद.

आधी नुसता घोट. तुरट, हो, पण हिरडा नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तशी. मागून काहीतरी गोडसर, कोकोसारखं. गेल्या वर्षीची वाईन आठवली: तिला हा ताजा फळाचा भागच नव्हता, नुसता शिळ्या मुरांब्याचा वास. म्हणजे फ्रिजचं डोकं दोषी.

मग बांगडा. मंडळी, तोच लोखंडी तवा! बाटली नवी, गार केलेली, गाळलेली, तरी तोच. नणंदेच्या यजमानांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांनी तोंड वाकडं करून विचारलं, "भांडं कल्हईचं आहे का?" म्हणजे बांगडाही दोषी. दोघांनाही समान शिक्षा.

विंदालू. सोलकढीराव, वाईट वाटून घेऊ नका, विंदालू अप्रतिम होतं. वाईन मात्र त्याच्यासमोर पाणी झाली. व्हिनेगरच्या आंबटपणापुढे फळ गायब, मागे नुसता लाकडाचा कडवटपणा, आणि मग घशात जाळ. आंटी स्वतःच म्हणाल्या की याला फेणी बरी.

चोरीस-पावावर घरात दोन तट पडले. पहिल्या घोटाला मस्त, धूर आणि चरबी आणि वाईन एकजीव. तिसऱ्या घासापर्यंत तिखट साचत जातं आणि मग घोट झोंबतो. नवरा म्हणतो पहिले दोन घास खाऊन थांबावं. चोरीस-पावाचे दोन घास खाऊन थांबलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मटणाची शागुती सगळ्यांना आवडणार हे ठरलेलंच होतं. मिरच्या निम्म्या, मिरी दुप्पट, खोबरं मुद्दाम थोडं जास्त भाजलं, पार तपकिरी. दगडफूल आणि चक्रीफुलाने तो वास अजून गडद झाला. खोबरं आणि ओकचा जो दुवा दादांनी सांगितला तो खरा निघाला: शागुतीचा घास गिळला की वाईनमध्ये खोबरं लागतं आणि वाईनचा घोट गिळला की शागुतीत. पण त्याहून मोठी गोष्ट नळी. नळी ठोकून पानावर काढली, वर मिठाचे दोन खडे आणि मग घोट. तुरटपणा असा विरघळला की सासरे, जे एक बोटभरच घेणार होते, त्यांनी पेला पुढे केला. नळीतली मज्जा, दोन्ही अर्थांनी. माय, तुम्ही नसता तर मी बोटी-बोटी आणली असती.

नणंदेचा कौल मात्र अळमीला नाही, अळसांद्यांच्या तोंडाकाला. मला आश्चर्य वाटलं. अळमी तिला वाईनबरोबर किंचित कडवट लागली, तोंडाक दाट आणि गोडसर म्हणून बसलं. मग तिने अळमीवर थोडं मीठ भुरभुरवलं आणि मत निम्मं बदललं.

सासूबाई प्यायल्या नाहीत, पण जगवर नाक नेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा." चामडं वगैरे म्हणणाऱ्यांपेक्षा मला हेच पटलं.

---

चष्मिष्ट | सोमवार, दुपारी ३.४०

गोणपाट! हे लिहून ठेवतो.

अळमीचं कोडं सोपं आहे. अळंबीत उमामी (मांसाच्या रश्श्यासारखी भरीव चव) भरपूर, आणि उमामीने वाईनचा कडवटपणा वर येतो. मीठ पडलं की तो बसतो. नणंदेने न शिकता बरोबर केलं.

गोडाला काय होतं?

---

फोंड्याची_सून | सोमवार, संध्याकाळी ५.००

बेबिंका होती, आंटींनी केलेली, सात थरांची. तिच्यापुढे वाईन आंबट-कडू झाली. लगेच बाजूला ठेवली आणि बेबिंका कॉफीबरोबर खाल्ली. आजोबांची गोड पोर्ट असती तर जमलं असतं बहुतेक.

एक अवांतर: ते तुटकं बूच हातात घेतल्यावर पुण्यातल्या बुचाच्या झाडांची आठवण आली. पावसाळ्याअखेर पहाटे त्या पांढऱ्या लांब देठांच्या फुलांचा सडा पडायचा, आम्ही वेण्या करायचो. हे त्याच झाडाचं का?

---

द्राक्षबाग | सोमवार, संध्याकाळी ६.३०

नाही. ते आपलं आकाशमोगऱ्याचं झाड. त्याच्या सालीचंही पूर्वी हलकं बूच करत, म्हणून ते नाव. वाईनचं बूच एका जातीच्या ओकच्या सालीचं, आणि जगातलं निम्म्याच्या आसपास बूच एकटा पोर्तुगाल पुरवतो. तुमचं आलेंतेजु तर त्याचं आगरच. झाड न तोडता दर नऊ वर्षांनी साल सोलतात. म्हणजे तुम्ही सुरीने खुपसलंत ते नऊ वर्षांचं पीक होतं.

---

पोदेराची_घंटा | सोमवार, रात्री ८.१५

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं) वृत्तांत. दोन घासांवर थांबण्याबद्दल तुमच्या यजमानांचा निषेध.

वाईन उरली का? उरली असेल तर जगमध्ये ठेवू नका, लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये. आत, डोक्यावर नाही. दोन-तीन दिवस निघतील.

---

फोंड्याची_सून | सोमवार, रात्री ९.०५

उरली होती पाव बाटली. दुपारी बघितलं तर तीही नाही. सासरे म्हणतायत, मांजर.